भिंत लागेपर्यंत

“यंत्राला कंटाळा येतो?”

“नाऽही!”

“यंत्राला तहान लागते?”

“नाऽही!”

“यंत्र शेजारच्याचं ऐकतं?”

“नाऽही!”

“आणि बाईंचं?”

इथे नेहमी घोटाळा व्हायचा. पहिलीतली मुलं ‘हो’ म्हणायची आणि चौथीतली त्यांच्याकडे बघून हसायची. त्या सोमवारी मात्र बत्तीसच्या बत्तीस मुलं एका सुरात “नाऽही!” म्हणाली. मला बरं वाटलं. तासाभरात केंद्रप्रमुख येणार होते.

ही दोन हजार सहा सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, आमची दोनशिक्षकी शाळा होती, चौथीपर्यंतची. शिगवण गुरुजी मुख्याध्यापक आणि मी, आरवाडे बाई, शिक्षणसेवक. तीन वर्षं सेवक म्हणून काढायची, मग अहवाल चांगला असेल तर कायम. माझे दोन महिने उरले होते. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी डी. एड. केलं होतं. मिरजेत माझे वडील अंथरुणाला खिळलेले होते, त्यामुळे कायम होणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गावच्या मुंबईकर मंडळानं शाळेला दोन जुने कॉम्प्युटर दिले होते. ते आले तेव्हा नारळ फोडून, ढोल वाजवून आले. पण दहा ते चार भारनियमन. चार वाजता वीज यायची, पाचला शाळा सुटायची. त्या एका तासात बत्तीस मुलांना दोन यंत्रांवर काय शिकवणार? म्हणून मी वीज न लागणारा कॉम्प्युटर काढला. एक मूल यंत्र व्हायचं, डोळ्यांना रुमाल बांधून. दुसरं मूल पुठ्ठ्याच्या पट्टीवर त्याच्यासाठी आज्ञा लिहायचं. आज्ञा एकदा वाचून दाखवायच्या, यंत्रानं त्या पाठ करायच्या आणि मग निघायचं.

सुरुवातीला सगळा गोंगाट असे. “डावीकडे रे, डावीकडे!” असं बाकीचे ओरडत आणि यंत्र त्यांचं ऐके. मग मी नियम केले. यंत्र विचार करत नाही. यंत्र एकदा सुरू झालं की कुणाचंच ऐकत नाही. लिहिणाऱ्याचंही नाही, बाईंचंही नाही. चूक झाली तर ती पट्टीत सापडली पाहिजे, ओरडून दुरुस्त व्हायला नको.

आदल्या आठवड्यात मी परीक्षाच घेतली होती. यंत्र अर्ध्या वाटेवर असताना मी मोठ्यानं “थांब!” म्हणायचे. पाच मुलं थांबली, बाद झाली. सहावी रेश्मा भुवड, तिसरीतली, वर्गात तोंड न उघडणारी. ती थांबली नाही. मी तीनदा ओरडले. ती रुमालाखाली हसली आणि चालत राहिली. मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. त्या दिवशी रेश्मा घरी उड्या मारत गेली म्हणे.

तर केंद्रप्रमुखांसमोर यंत्र रेश्माच होणार, हे ठरलेलंच होतं. आज्ञा लिहिणार होती चौथीतली अक्षता मांडवकर. ती माझी सगळ्यात हुशार मुलगी. हुशार म्हणजे तोंडाळ नव्हे. गणित सुटलं की पाटी उलटी ठेवून गप्प बसणारी.

अकराच्या सुमारास तिनं पट्टी माझ्यापुढे ठेवली.

‘पायरीवरून उतर. सरळ वीस पावलं चाल. उजवीकडे वळ. दहा पावलं चाल. खाली वाक. चेंडू बादलीत टाक.’

“वीसच का?” असं मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मी म्हटलं, “अक्षता, रेश्माचं पाऊल केवढं आणि तुझं केवढं? तुझी वीस म्हणजे तिची पंचवीस. अशी आज्ञा प्रत्येक यंत्राला वेगळी लिहावी लागेल. त्यापेक्षा सगळ्यांना लागू पडेल असं काय लिहिता येईल?”

तिनं मैदानाकडे पाहिलं.

“समोर काय आहे?”

“गडगा.”

“मग?”

ती पट्टीकडे बघत राहिली. मला घाई होती, गुरुजी हजेरीपटासाठी हाक मारत होते. मी लाल पेन काढलं, ‘वीस पावलं’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘भिंत लागेपर्यंत’.

“बघ किती नेटकं झालं. आता बादली गडग्याला लागून ठेव, उजव्या कोपऱ्यात.”

“हो बाई,” ती म्हणाली.

मैदान म्हणजे उघडा कातळ, निम्म्या वाटेवर बाजूला एक काजूचं झाड. पायरीपासून समोर पंचवीस मीटरवर जांभ्या दगडाचा, कमरेएवढा गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेली कुंपणाची भिंत. गडग्यापलीकडे तसाच कातळ आणि मग चिऱ्यांची बंद पडलेली खाण. चिरे कापून काढलेली खाण भिंतींसारखी सरळ खाली उतरते. तिला उतार नसतो. तीस फूट खाली हिरवं पाणी होतं. शाळेचा पहिला नियम तोच होता, गडगा ओलांडायचा नाही.

साडेबाराला केंद्रप्रमुख नागवेकर साहेब मोटारसायकलवरून आले. गृहस्थ वाईट नव्हते, पण तीन शाळा करून आले होते आणि घामाघूम झाले होते.

“काय बाई, ऐकतोय तुमच्याकडे कंपूटर विजेशिवाय चालतो म्हणे! जरा आम्हालाही शिकवा, बिल तरी वाचेल.”

गुरुजी मोठ्यानं हसले. मुलांना मी व्हरांड्याच्या कडेला दोन रांगांत बसवलं होतं, तोंडं मैदानाकडे. सकाळीच बजावलं होतं, साहेबांसमोर एकानंही तोंड उघडायचं नाही. काही सांगायचं असेल तर हात वर करायचा आणि मी नाव घेईपर्यंत थांबायचं.

अक्षतानं पट्टी वाचली. स्पष्ट, शब्द सुटे करून. रेश्मानं ती घडाघड परत म्हणून दाखवली, ‘भिंत लागेपर्यंत’सकट. मी तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, हातात चेंडू दिला.

“अक्षता, तुझं काम झालं ना?” गुरुजी म्हणाले. “जा, घरून साहेबांच्या चहाला दूध घेऊन ये. किटली घे. पळ.”

पाहुणे आले की चौथीतलं कुणीतरी दुधाला जायचंच. अक्षताचं घर सगळ्यात जवळचं, गडग्यापलीकडे उजवीकडे, हाकेच्या अंतरावर. ती किटली घेऊन गेली आणि गुरुजी स्टोव्ह पेटवायला आत गेले. कुठल्या वाटेनं गेली ते मी पाहिलं नाही.

“सुरू,” मी म्हटलं. रेश्मा एक हात पुढे धरून पायरी उतरली आणि चालू लागली. लहान लहान, जपून टाकलेली पावलं.

“छान,” साहेब म्हणाले. “पण मला सांगा, माऊस धरता येतो का यांना? उद्या जिल्ह्याहून विचारतील, मुलांना कंपूटर सुरू करता येतो का, तर मी काय सांगू? डोळे बांधून चालता येतं?”

मी त्यांच्याकडे वळले. मैदानाकडे माझी पाठ झाली. मी म्हणाले, “साहेब, चार ते पाच रोज आठ मुलं बसतात. कुणाची पाळी कधी, त्याची वही आहे. पण माऊस धरणं दोन दिवसांचं काम आहे. आपण जे सांगू तेच यंत्र करतं, आपल्या मनातलं करत नाही, हे कळायला वेळ लागतो.”

“वा. वही बघू.”

वही टेबलावर होती. मी पानं उलटून दाखवू लागले. मध्येच माझं मुलांकडे लक्ष गेलं. पहिल्या रांगेत तीन हात वर होते. मला वाटलं, साहेबांच्या प्रश्नाची उत्तरं देण्याची हौस आलीय. मी बोटानं खूण केली, खाली.

हात खाली गेले. मी पुढचं पान उलटलं.

पुन्हा पाहिलं तर सगळे हात वर होते. पहिलीतल्या मुलांचेसुद्धा. एकही मूल मैदानाकडे बघत नव्हतं, सगळे माझ्याकडे बघत होते. कुणी हूं की चूं करत नव्हतं. दुसरीतली एक मुलगी हात वर धरून रडत होती, पण आवाज न करता.

मी वळले.

मैदानावर रेश्मा नव्हती.

गडग्याला मध्यापासून जरा डावीकडे ट्रकभर रुंदीचं भगदाड होतं. मी ते त्या क्षणी पहिल्यांदा पाहिलं. गडगाही जांभ्याचा, मागचा कातळही जांभ्याचा. दुपारच्या उन्हात दोघांचा रंग एकच. शनिवारी दुपारी मी राजापूरला गेले होते, सोमवारी सकाळी पुढच्या रस्त्यानं आले होते. नवीन स्वच्छतागृहाचे चिरे आत आणायला रविवारी गडगा उघडला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि डोळे बांधलेला माणूस सरळ चालत नाही, हळूहळू एका बाजूला जातो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ते मला पुस्तकातून ठाऊक होतं.

रेश्मा भगदाडाच्या पलीकडे होती. हात पुढे धरलेला. खाणीची कड तिच्यापासून दहा-बारा पावलांवर.

“रेश्मा! थांब!”

मी धावत सुटले. साडी पायात येत होती. मागून गुरुजी ओरडले, मग साहेब, आणि मग एकदम सगळी मुलं. नियम मोडला होता, आता तीस गळे ओरडत होते. “थांब! रेश्मा, थांब! खाण आहे!”

ती जरा वळल्यासारखी झाली. तिच्या गालाची बाजू मला दिसली. ती हसत होती, आदल्या आठवड्यात हसली होती तशी. मग मान ताठ करून तिनं पाऊल उचललं. जितकं आम्ही ओरडत होतो, तितकी ती ठाम होत होती. ही परीक्षा होती आणि ती तिला पास व्हायची होती.

भगदाडात सुट्या चिऱ्यांचे तुकडे पडले होते. माझा पाय त्यांवरून घसरला आणि मी गुडघ्यावर आपटले. उठता येईना. तिथून मला सगळं दिसत होतं आणि मी काहीच करू शकत नव्हते. मी मोजत होते, हे मला आठवतं. सात. सहा.

तेवढ्यात उजवीकडून, खाणीच्या कडेकडेनं, अक्षता येताना दिसली. भगदाडातून जाणारी जवळची वाट तिनं धरली होती आणि त्याच वाटेनं ती परत येत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, रेश्माकडे पाहिलं. आमच्यासारखी ती ओरडली नाही. किटली कातळावर खाली ठेवली, सांडणार नाही अशी नीट, आणि धावली.

रेश्माला मागून धरायला तिला वळसा पडला असता. ती कड आणि रेश्मा यांच्यामध्ये शिरली. पाठ खाणीकडे, पाय फाकून, हात छातीशी घट्ट दुमडून उभी राहिली. तिच्या टाचांमागे दीड-दोन हात कातळ असेल.

रेश्माची बोटं तिच्या दुमडलेल्या हातांना लागली.

“भिंत,” रेश्मा म्हणाली आणि उजवीकडे वळली.

अक्षतानं तिला कमरेला मिठी मारून तिथेच खाली बसवलं. चेंडू रेश्माच्या हातातून सुटला, टप्पे खात कडेवरून गेला. पाण्यात पडल्याचा आवाज यायला वेळ लागला. तो आवाज ऐकल्यावर रेश्मानं स्वतःच्या हातानं रुमाल वर केला.

त्या दिवशी पाचला मुलं गेल्यावर शिगवण गुरुजींनी दार लोटून घेतलं.

“बाई, साहेबांनी लेखी खुलासा मागितलाय. उद्या ग्रामशिक्षण समितीची बैठक. रेश्माची आई येणार, सगळी वाडी येणार.”

“मी लिहिते खुलासा.”

“ऐका आधी. गडगा रविवारी माझ्यासमोर उघडला. मी तुम्हाला सांगायचं विसरलो. ते माझ्यावर येईल तेवढं येऊ द्या. पण तुमचे दोन महिने राहिलेत. पट्टी पोरीनं लिहिली. चौथीतली पोर, चुकते. तिचं कोण काय वाकडं करणार? उलट तिनंच वाचवलं म्हणून कौतुक होईल. कुणाचं नुकसान नाही.”

“ती ओळ माझी आहे, गुरुजी. लाल शाईत.”

“पट्टी कुणी पाहिलीय?” ते म्हणाले. त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. वीस वर्षं सड्यावर नोकरी केलेला तो भला माणूस होता. मला वाचवायला बघत होता.

मी काही बोलले नाही. रात्रभर मी स्वतःला सांगत होते की न बोलणं म्हणजे हो म्हणणं नव्हे.

बैठक वर्गातच भरली. माणसं मुलांच्या बसायच्या पट्ट्यांवर मांडी घालून बसली होती. रेश्माची आई सुनंदा दाराशी उभी होती, बसत नव्हती. रेश्मा तिच्या पदराआड, अक्षता वडिलांजवळ.

“मला एवढंच सांगा,” सुनंदा म्हणाली, “माझ्या पोरीला डोळं बांधून खाणीकडं चाल म्हणून सांगितलं कुणी?”

गुरुजींनी घसा साफ केला. “आज्ञा मुलांनीच लिहायची, असा तो खेळ आहे. लिहिताना जरा चूक झाली. लहान मुलं...”

“कुठल्या मुलांनी?”

गुरुजी माझ्याकडे बघत नव्हते. मी जमिनीकडे बघत होते. आणि अक्षता उठून उभी राहिली.

“मी लिहिली. माझ्या पट्टीत चूक होती.”

तिचे वडील दत्ताराम तिच्याकडे वळले. “तू? गडगा काढायला मी होतो, तू माझ्यासाठी चाय घेऊन आलीस, डोळ्यांनी बघितलंस! आणि तिकडंच धाडलंस तिला?” त्यांचा हात वर गेला.

“मारू नका,” मी म्हणाले. मी उभी राहिले होते, गुडघा बांधलेला होता. “तिनं लिहिलं होतं वीस पावलं. ते मी खोडलं. ‘भिंत लागेपर्यंत’ हे माझं आहे. पट्टी गुरुजींकडे आहे, बघायची असेल तर बघा.”

कुणी पट्टी मागितली नाही. दत्तारामांचा हात तसाच राहिला, मग खाली आला.

“वीस?” ते मुलीला म्हणाले. “वीसच का गो?”

अक्षता माझ्याकडे बघून बोलली, वडिलांकडे नाही. “गडगा उघडा होता म्हणून. वीसमध्ये काजूच्या अलीकडेच थांबली असती. कशीही तिरकी गेली असती तरी.”

सुनंदा दारातून आत आली.

“मग बाईंना सांगायचंस ना!” सुनंदा ओरडली. “तोंड नाय तुला?”

“बाईंनी लाल शाईनं केलं,” अक्षता म्हणाली. तिला ते इतकं उघड वाटत होतं की समजावून कसं सांगावं तेच तिला कळत नव्हतं. “लाल शाईनं केल्यावर आम्ही विचारत नाही.”

सुनंदानं रेश्माचा हात धरला आणि ती निघून गेली. रेश्मा महिनाभर शाळेत आली नाही. आली तेव्हापासून तिची आई रोज दुपारी गडग्यापाशी येऊन बसायची, गडगा पुन्हा रचून झाला होता तरी. माझ्या खुलाशात मी सगळं लिहिलं. त्या वर्षी मला कायम केल्याचा आदेश आला नाही. पुढच्या वर्षी आला, तोवर वडील गेले होते.

बैठकीनंतर माणसं पांगली. अक्षता बसायच्या पट्ट्या गोळा करून कोपऱ्यात रचत होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मी तिच्याजवळ जाऊन खाली बसले. माफी मागणार होते. पण माफी मागितली तर ती “हो बाई” म्हणेल, एवढं मला आता कळत होतं.

“अक्षता,” मी म्हटलं, “आणखी काय आहे, जे मी विचारलं नाही?”

तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खरंच विचारतेय का, ते ती तपासत होती.

“तिसरीतल्या सुजयला फळा दिसत नाही,” ती म्हणाली. “तो माझं ऐकून म्हणतो.”

“बरं.”

“पहिलीतली पोरं पाणी पीत नाहीत. हंडा उंच आहे.”

“बरं. आणखी?”

तिनं शेवटची पट्टी रचली, कडा सारख्या केल्या.

“खिडकीजवळच्या कंपूटरला हात लावला की मुंग्या येतात. खांद्यापर्यंत. म्हणून आम्ही पोत्यावर उभं राहून करतो, आणि लहान पोरांना त्याच्यावर बसवत नाही.”

मी, भौतिकशास्त्राची पदवीधर, उठून त्या यंत्राकडे पाहत राहिले. घड्याळात पावणेचार वाजले होते, चारला वीज येणार होती.

“कधीपासून?”

“आला तेव्हापासून, बाई.”